मुंबई ते रायगड, १६७४ : तीन राज्यांच्या सीमा ओलांडणारा प्रवास

१/ दर वर्षी जून उजाडला की समाजमाध्यमांवर एक चित्र फिरू लागते. सिंहासनावर छत्रपती आणि समोर कमरेतून वाकलेला इंग्रज. हा इंग्रज म्हणजे हेन्री ऑक्झिंडेन. तो वाकला हे आपल्याला ठाऊक असते. पण तो आला कसा, कोणत्या वाटेने आला आणि काय घेऊन परतला, याची चर्चा क्वचितच होते. हा धागा त्या वाटेविषयी आहे.

२/ आज आपल्या पिढीतील कित्येक जण पाठीवर पिशवी टाकून पेरूतून बोलिव्हियात खुष्कीच्या मार्गाने जातात आणि तेथील सीमाचौकीची छायाचित्रे टाकतात. सीमा म्हटली की आपल्याला असेच दूरचे काही तरी आठवते. मी महाडचा. सतराव्या शतकात मुंबईहून माझ्या तालुक्यापर्यंत पोहोचायचे, तर अशाच परक्या सीमा ओलांडाव्या लागत, हे मला पदव्युत्तर अभ्यासाला आल्यावर उमगले.

३/ आधी नकाशा पाहू. १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगिजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली आणि १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. दक्षिणेला रेवदंड्याजवळचे कोटबंद चौल पोर्तुगिजांचे. त्याला लागून असलेले वरचे चौल स्वराज्यात. आणखी खाली दंडाराजपुरी, म्हणजे जंजिऱ्याचा सिद्दी. आज मोटारीने काही तासांत कापता येणाऱ्या या किनारपट्टीवर चार सत्ता नांदत होत्या.

४/ मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने ऑक्झिंडेनला १३ मे १६७४ रोजी रवाना केले. सोबत कंपनीचे दोन कारकून आणि दुभाषा नारायण शेणवी. कामे मुख्यत्वे दोन. १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटली गेली होती, तिची भरपाई मिळवणे. आणि स्वराज्यात व्यापाराची मोकळीक देणारा तह करणे.

५/ पहिली सीमा बंद निघाली! होडी चौलला लागेतो रात्र झाली होती. पोर्तुगीज कोटाचे दरवाजे मिटलेले, पहारे बसलेले. वकील झाला तरी रात्री आत प्रवेश नाही. कंपनीच्या या प्रतिनिधींनी कोटाबाहेरच्या वस्तीत, एका लहानशा चर्चमध्ये रात्र काढली.

६/ येथे एक गंमत लक्षात घ्या. इंग्रज तेव्हा जुने जुलियन पंचांग पाळत, तर पोर्तुगिजांनी सुधारित ग्रेगोरियन पंचांग केव्हाच स्वीकारले होते. दोहोंत दहा दिवसांचा फरक. मुंबईहून १३ मे रोजी निघालेला माणूस चौलच्या दरवाज्याशी आला की तेथील तारीख २३ मे! थोडे पुढे स्वराज्यात गेला की इसवी सनच संपला. तेथे शालिवाहन शके १५९६, आनंदनाम संवत्सर.

७/ हा तपशील केवळ गमतीचा नाही. आपण राज्याभिषेकाची म्हणून जी ६ जून ही तारीख सांगतो, ती इंग्रजांच्या जुन्या पंचांगातील आहे. आजच्या पंचांगाने ती १६ जून होते. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी मात्र तीच. म्हणजे ऑक्झिंडेनचा प्रवास भर उन्हाळ्यातला नव्हे, तर मृगाच्या उंबरठ्यावरचा होता. एकदा पाऊस लागला की खाडी, नद्या आणि घाट यांपुढे कोणत्याही वकिलाचे काही चालले नसते.

८/ वरच्या चौलहून पुढचा प्रवास खाडीतून. भरतीच्या पाण्यावर होडी रात्रभर चालली आणि सकाळी अष्टमीला, म्हणजे आजच्या रोह्याशेजारी, लागली. तेथून जमिनीची वाट : निजामपूर, मग डोंगराळ मुलूख आणि शेवटी रायगडाच्या पायथ्याचे पाचाड. वल्हवणारे, ओझी वाहणारे, वाट दाखवणारे अर्थातच आपल्याच भागातले असणार. वृत्तांतात त्यांची नावे नाहीत. ऑक्झिंडेनचे नाव उरले, कारण लेखणी त्याच्या हाती होती.

९/ पाचाडात पोहोचल्यावर कळले की महाराज गडावर नाहीत! ते प्रतापगडी भवानीच्या दर्शनाला गेले होते. देवीवर धरण्यासाठी शुद्ध सोन्याचे, सव्वा मण वजनाचे छत्र त्यांनी सोबत नेल्याची नोंद आहे. रायगड आणि प्रतापगड यांच्या मधला मुलूख म्हणजे आजचे महाड आणि पोलादपूर तालुके. इंग्रज वकील तळाशी तंबू ठोकून बसला होता आणि राज्याचे लक्ष सावित्रीच्या पलीकडे, पार घाटाच्या माथ्याकडे होते.

१०/ या खोळंब्यात निराजी पंडितांशी भेट झाली. ऑक्झिंडेनने सिद्दीशी सलोखा करावा असे सुचवून पाहिले. ती सूचना कोणी मनावर घेतली नाही. जंजिऱ्याचा प्रश्न स्वराज्याचा होता. त्यात मुंबईच्या मध्यस्थीला जागा नव्हती.

११/ २२ मे रोजी वर येण्याची आज्ञा झाली. दुपारी तीनच्या सुमारास निघालेली मंडळी सूर्यास्ताला माथ्यावर पोहोचली. गड माणसापेक्षा निसर्गानेच अधिक दुर्गम केला आहे, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले. माथ्यावर राजवाडा आणि मंत्र्यांची घरे मिळून सुमारे तीनशे इमारती. ज्यांनी पाचाडहून पायऱ्या चढल्या आहेत, त्यांना हे तीन तास पटतील.

१२/ पुढचा मुक्काम मोठा मनोरंजक. गडावर सर्वत्र तुपाची खिचडी. पाहुण्यांना मांस हवे. बकऱ्याचे मांस पुरवणारा म्हातारा खाटीक अखेर एवढा डोंगर चढून वर आला, तो केवळ आपले गिऱ्हाईक पाहायला! या मूठभर माणसांनी थोड्या दिवसांत घेतले तितके मांस त्याने आधीच्या काही वर्षांत विकले नव्हते. हा प्रसंग डॉक्टर जॉन फ्रायर याच्या १६९८ मध्ये छापलेल्या ग्रंथात येतो. फ्रायर स्वतः रायगडी आला नव्हता, हेही ध्यानात ठेवावे.

१३/ ६ जूनचा दिवस. सिंहासनाच्या उजव्या बाजूस सोन्याची दोन मोठी मत्स्यमुखे, डाव्या बाजूस अश्वपुच्छे आणि भाल्याच्या टोकावर समतोल राखलेला सोन्याचा तराजू. ऑक्झिंडेनने तराजूचा अर्थ न्याय असा लावला. दाराशी दोन लहान हत्ती उभे होते. एवढ्या अवघड वाटेने ते वर आणले कसे, याचे त्याला नवल वाटले. त्याने मुजरा केला आणि नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी महाराजांना दिसावी म्हणून उंच धरली.

१४/ आता त्या वाकण्याविषयी. वकिलाने दरबारात झुकून अभिवादन करणे हा त्या काळचा सर्वमान्य रिवाज होता. मोगल दरबारातही इंग्रज झुकले आणि पुढे त्यांनीच तो दरबार बुडवला. म्हणून वाकलेल्या पाठीवरून सार्वभौमत्व मोजू नये. ते मोजायचे असेल तर तहाच्या कलमांकडे पाहावे लागते.

१५/ पहिले कलम नाण्यांचे. मुंबईत इंग्रजांनी नुकतीच टांकसाळ काढली होती. ते नाणे स्वराज्यात चालावे, अशी त्यांची मागणी. उत्तराचा आशय असा : आम्ही कोणत्याही नाण्याला बंदी करत नाही, पण रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्तीही करणार नाही. तुमचे नाणे वजनाला आणि कसाला मोगलांच्या तोडीचे असेल, तर ते आपोआप चालेल.

१६/ या उत्तरामागे त्या काळचे अवघे जग उभे आहे. बोलिव्हियातील पोतोसी येथे १५४५ मध्ये चांदीचा डोंगर सापडला. तेथील खाणींत मूळ रहिवाशांना वेठीस धरून काढलेली चांदी स्पॅनिश नाण्यांच्या रूपाने युरोपात आणि तेथून सुरतेपर्यंत येई. येथे ती वितळवून रुपये पाडले जात. बाजार नाण्यावरची मुद्रा पाहत नसे, कस पाहत असे. आज पोतोसीच्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्या मराठी प्रवाशाने हे अवश्य आठवावे : त्या डोंगराचा धागा कोकणच्या बाजारापर्यंत पोहोचला होता.

१७/ दुसरे कलम फुटलेल्या जहाजांचे. इंग्रज म्हणत, वादळाने आमचे जहाज किनाऱ्याला लागले तर माल परत द्या. यावर नकार आला. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली वस्तू परत करणे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे. शिवाय इंग्रजांना दिले तर फ्रेंच आणि डचही तेच मागतील. नकाराला कायद्याचा आणि दूरदृष्टीचा असा दुहेरी आधार होता.

१८/ बाकी बरेच काही मान्य झाले. राजापूरच्या भरपाईपोटी १०,००० होन आणि राजापूर, दाभोळ, चौल, कल्याण येथे व्यापाराची मुभा. आयात मालावर जकात अडीच टक्के. म्हणजे ऑक्झिंडेन रिकाम्या हाताने गेला नाही, आणि स्वराज्यानेही आपला कायदा सोडला नाही. हा व्यवहार दोन सत्तांमधला होता.

१९/ राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, १७ जूनला, पाचाडात जिजाऊसाहेबांनी देह ठेवला. त्याच पाचाडात काही दिवसांपूर्वी परदेशी वकिलाचा तंबू उभा होता.

२०/ आमच्या भागात पावसाळा आजही सीमा आखतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेले आणि तळियेवर दरड कोसळली. त्या दिवसांत कळते की वाट ही गृहीत धरण्याची गोष्ट नव्हे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा प्रवासी मृगाआधी घाईने का निघाला, हे मला कागदपत्रांआधी या पुरांनी शिकवले.

२१/ तेव्हा मित्रहो, पुढच्या जूनमध्ये ते चित्र पुन्हा समोर आले की जरा थांबा. वाकलेल्या माणसासोबत चौलचा बंद दरवाजा, अष्टमीची भरती आणि नाण्याचे कलमही आठवा. जमल्यास रोहा–निजामपूर–पाचाड ही वाट एकदा स्वतः करा. त्यासाठी पारपत्र लागत नाही. त्या काळी मात्र तीन राज्यांची परवानगी लागली असती.