लिम्कातला पांढुरकेपणा

जरीपटका ही उत्तर नागपुरातली वस्ती. फाळणीनंतर येथे सिंधी निर्वासित कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोचला की येथल्या दुकानांतून थंड पेयांच्या बाटल्या भराभर उचलल्या जातात. येथे विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांना सातवीतल्या मुलीने विचारले, “सर, आईने केलेल्या लिंबू सरबतात थोड्या वेळाने गाळ खाली बसतो. मग लिम्का इतके दिवस पांढुरकी कशी राहते?” सरांनी हा प्रश्न आमच्याकडे पाठवला. उत्तर शोधताना आम्ही रसायनशास्त्रातून थेट कायद्यापर्यंत जाऊन पोचलो.

आधी थोडा इतिहास. लिम्का मूळची पार्ले कंपनीची. कंपनीचे नाव मुंबईच्या विलेपार्ल्यावरून पडलेले. चौहान कुटुंबाच्या या उद्योगाने सत्तरच्या दशकात लिम्का बाजारात आणली. परकीय चलन नियमन कायद्याच्या अटी न पटल्याने कोका-कोला कंपनी १९७७ मध्ये भारतातून निघून गेली आणि देशी पेयांना मैदान मोकळे मिळाले. लिम्काच्या जाहिरातींचा सारा भर लिंबाच्या ताजेपणावर होता. गंमत अशी, की लिम्कात लिंबाचा रस नसतो. मग लिंबाची आठवण करून द्यायची कशी? वासाने, आंबटपणाने आणि पांढुरक्या रूपाने. नितळ पाण्यापेक्षा असे पेय रसासारखे दिसते.

हे रूप येते कसे? लिंबाचा वास असतो सालीतल्या तेलात. तेल पाण्यात विरघळत नाही. म्हणून डिंकाच्या मदतीने त्याचे अतिसूक्ष्म थेंब करून ते पाण्यात पसरवतात. याला पायस म्हणतात. थेंबांवरून प्रकाश विखुरतो आणि पेय दुधट दिसते. पण लिंबाच्या तेलाची घनता सुमारे ०.८५, तर साखरेच्या पेयाची सुमारे १.०४. सरबतातला गर जड म्हणून खाली बसतो. तेल हलके म्हणून वर चढते आणि बाटलीच्या गळ्याशी त्याचे कडे जमते. असे पेय कोण विकत घेईल?

यावर उपाय सापडला तो तेलालाच जड करण्याचा. वनस्पती तेलाशी ब्रोमीनचा संयोग केला की त्याची घनता सुमारे १.३३ होते. हे ब्रोमीनयुक्त तेल, म्हणजे बीव्हीओ, लिंबाच्या तेलात मिसळले की मिश्रणाची घनता पेयाएवढी करता येते. किती मिसळावे लागेल, हे गणित वर्गात जरूर घालावे. मिश्रणाच्या १०० मिलिलिटरमध्ये बीव्हीओ सुमारे ४० मिलिलिटर, असे उत्तर येईल. घनतेतला फरक मिटला की थेंब वरही जात नाहीत आणि खालीही बसत नाहीत. लिम्कातही हेच तेल वापरले जाई.

अडचण पुढेच होती. ब्रोमीन शरीरातल्या चरबीत साठत जाते, असे आढळले. कॅनडातल्या प्रयोगांत उंदरांच्या हृदयावर दुष्परिणाम दिसले. ब्रिटनने १९७० मध्ये बीव्हीओ बंद केले. अमेरिकेने सुरक्षित पदार्थांच्या यादीतून ते काढले, पण दहा लाख भागांत १५ भागांपर्यंत वापरायची तात्पुरती मुभा दिली. भारतात १९९० मध्ये बंदी आली आणि लिम्काला आपला घाट बदलावा लागला. योगायोग असा, की शाळांमधून पुढे सामान्यज्ञानासाठी वापरले गेलेले ‘लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्स’ही १९९० मध्येच सुरू झाले. १९९३ मध्ये भारतात परतलेल्या कोका-कोलाने पार्लेकडून लिम्का विकत घेतली.

अमेरिकेतली ती ‘तात्पुरती’ मुभा मात्र अर्धशतक टिकली. थायरॉइड ग्रंथीवरचे परिणाम दाखवणारे नवे प्रयोग झाल्यावर २०२४ मध्ये ती रद्द झाली. विषय एकच, पण भारत आणि अमेरिका यांच्या निर्णयांत ३४ वर्षांचे अंतर! पुरावा किती जमला म्हणजे पुरेसा मानायचा, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेत सुटणारा नाही. औषधासाठी माणूस थोडा धोका पत्करेल. येथे मात्र लाभ पेय रसासारखे दिसण्यापुरता आणि धोका पिणाऱ्याच्या शरीराला. अशा वेळी थोडी शंकाही पुरेशी मानावी, असे आम्हाला वाटते.

त्या मुलीला आम्ही उत्तराबरोबर दोन कामे कळवली. संत्र्याची साल पाण्याच्या पेल्यावर दाबून तेल कुठे राहते ते पाहायचे. मग बाटलीवरची बारीक अक्षरे वाचायची. ४१४ म्हणजे डिंक आणि ४४५ म्हणजे पाइन वृक्षाच्या राळेपासून केलेला, तेलाला जड करणारा पदार्थ. बीव्हीओ गेले तरी त्याचे काम कुणाला तरी करावेच लागते. ते कोण करते, हे मुलांनी स्वतः शोधावे.