रजोनिवृत्ती : योनी व मूत्रमार्गाच्या तक्रारी

पाळी कायमची गेल्यावर इस्ट्रोजेन घटते. योनीचे व मूत्रमार्गाचे अस्तर पातळ, कोरडे होते; आम्लता राखणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू कमी होतात आणि जंतुसंसर्ग सहज होतो. कोरडेपणा, खाज, संबंधाच्या वेळी वेदना, लघवीची घाई, वारंवार उन्हाळी लागणे ही लक्षणे. 2014 मध्ये त्यांना एकत्रित वैद्यकीय नाव मिळाले. अंगातून निघणाऱ्या वाफा बहुधा काळाने ओसरतात. योनी व मूत्रमार्गाच्या या तक्रारी मात्र उपचारांशिवाय सहसा वाढतच जातात. ‘वयाचंच आहे’ म्हणून बाईला परत पाठवणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

बुलढाणा जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या, सोयाबीन सोंगणाऱ्या बायकांना शेतात आडोसा नसतो. मग पाणी कमी प्यायचे, लघवी दाबून धरायची. त्याने त्रास बळावतो. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले असल्यास लक्षणे लवकर आणि तीव्र येतात.

साबण व जंतुनाशकाने योनी धुऊ नये. संबंधाच्या वेळी वंगण, एरवी ओलावा टिकवणारे जेल वापरावे. एवढ्याने भागले नाही तर कमी मात्रेचे इस्ट्रोजेन मलम किंवा गोळी योनीत ठेवतात: साधारण दोन आठवडे रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. ते रक्तात फार थोडे उतरते आणि संसर्गाची पुनरावृत्तीही घटवते. स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. लघवी गळत असल्यास ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम उपयोगी पडतात. पाळी गेल्यानंतर रक्त दिसले तर तपासणी लगेच करावी.