नृसिंहवाडी परिसरातील पाणंदवाटा

नृसिंहवाडी परिसरातील पाणंदवाटा म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या काठाने व उसाच्या मळ्यांमधून जाणारे कच्चे, मुरमाचे व मातीचे रस्ते होत. बैलगाड्यांची आणि शेतकऱ्यांची ये-जा व्हावी म्हणून हे रस्ते पडले. मोटारींची वर्दळ नसल्याने ते सायकल भ्रमंतीसाठीही उपयोगी पडतात. युरोप-अमेरिकेत अशा खडीच्या वाटांवरून रुंद टायरच्या सायकलींनी फिरण्याचा छंद गेल्या दोन दशकांत वाढला आणि २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. शिरोळ तालुक्यातील वाटा मात्र कोणी सायकलीसाठी आखलेल्या नाहीत. त्या शेतीच्या वाटा आहेत, आणि त्यांवरून जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

नाव आणि स्वरूप

दोन्ही बाजूंना शेतांचे बांध किंवा कुंपण आणि मधून खोलगट वाट, अशा रस्त्याला दक्षिण महाराष्ट्रात पाणंद म्हणतात. गावच्या शिवेवरून जाणारी ती शिवरस्ता, गाडी जाईल एवढी रुंद ती गाडीवाट आणि माणसापुरती ती पायवाट. गाडीच्या चाकांनी पडलेल्या दोन समांतर खोबणींना चाकोरी म्हणतात. हा शब्द आज बहुधा लाक्षणिक अर्थानेच ऐकू येतो. पाणंदीत मात्र चाकोरी प्रत्यक्ष असते आणि सायकलचे चाक एकदा तीत उतरले की बाहेर काढणे कठीण जाते.

गावनकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषांनी आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, तर पायवाटेची सव्वाआठ फूट धरली जाते. जुन्या मुंबई इलाख्यात जमीन ३३ फुटी साखळीने मोजली जाई (गुंठा म्हणजे याच साखळीचा एक चौरस, १०८९ चौरस फूट). त्यामुळे साडेसोळा फूट म्हणजे अर्धी साखळी आणि सव्वाआठ म्हणजे पाव साखळी होते.

भूगोल

नृसिंहवाडी (रूढ नाव नरसोबाची वाडी) हे दत्तक्षेत्र कृष्णा-पंचगंगा संगमावर, दोन्ही नद्यांच्या बेचक्यात वसले आहे. कृष्णा पूर्वेला आणि पंचगंगा दक्षिणेला असल्याने येथून नदीकाठच्या वाटा तीन दिशांना फुटतात. उत्तरेला कृष्णेच्या उजव्या काठाने कुटवाड, कनवाड, घालवाड आणि अर्जुनवाड ही गावे लागतात. कृष्णेचा पूल ओलांडल्यावर डाव्या काठावर औरवाड, गौरवाड, बुबनाळ, आलास, शेडशाळ, कवठेगुलंद आणि गणेशवाडी हा गावांचा पुंजका आहे. औरवाड येथे अमरेश्वराचे मंदिर आहे. पंचगंगेपलीकडे कुरुंदवाड हे पटवर्धनांच्या जुन्या संस्थानाचे गाव असून तेथील घाटावर सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी म्हणून ओळखली जाणारी वास्तू आहे.

कुरुंदवाडहून कृष्णेच्या उजव्या काठाने अकिवाट, सैनिक टाकळी आणि राजापूरमार्गे खिद्रापूरपर्यंत जाता येते. वाडी ते खिद्रापूर हे अंतर सुमारे २० किमी आहे. खिद्रापूरला कृष्णेने तिन्ही बाजूंनी वेढले आहे आणि पलीकडच्या काठावर कर्नाटक आहे. तेथील बाराव्या शतकातील शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिर आणि त्याचा वर उघडा असलेला स्वर्गमंडप प्रसिद्ध आहे. बहुतेक प्रवासी तेथे डांबरी रस्त्याने जातात. तथापि नदीची वळणे, मळीची जमीन आणि पाणी उपसणाऱ्या मोटारींच्या खोल्या हे सारे पाहायचे तर डांबर सोडून पाणंदीने जाणेच योग्य. संपूर्ण अंतर सलग पाणंदीने कापता येईल असे गृहीत धरू नये. वाट एखाद्या ओढ्याशी किंवा मळ्याशी संपते आणि पुन्हा गावातून फिरावे लागते.

बंधारे

कोल्हापूर पद्धतीचे बंधारे हे या भागातील वाटांचे एक वैशिष्ट्य आहे. नदीपात्रात दगडी किंवा काँक्रीटचे खांब उभारून त्यांच्या खाचांत बर्गे बसवले जातात आणि पाणी अडवले जाते. पावसाळ्यापूर्वी बर्गे काढतात व पावसाळा संपल्यावर पुन्हा घालतात. अशा अनेक बंधाऱ्यांच्या माथ्यावरून पायी, सायकलीने किंवा दुचाकीने पलीकडे जाता येते. त्यामुळे काठाकाठाच्या दोन वाटा जोडल्या जातात आणि पुलापर्यंतचा वळसा वाचतो. नदीची पातळी वाढली की हे बंधारे सर्वांत आधी पाण्याखाली जातात. वर पाणी थोडे दिसत असले तरी तेव्हा ते ओलांडू नयेत. कृष्णेवरील राजापूर बंधारा हा महाराष्ट्रातील शेवटचा बंधारा मानला जातो. पंचगंगेवरील तेरवाड बंधारा मात्र जलपर्णी, सांडपाणी आणि मृत माशांमुळे वारंवार बातम्यांत येतो. कोल्हापूर व इचलकरंजी या शहरांखालच्या पंचगंगेकाठी फिरताना नदीचे पाणी पिण्याचा विचार करू नये.

ऋतू आणि जमीन

येथील जमीन काळी व खोल आहे. कोरडी असताना ती टणक असते आणि मुरूम टाकलेल्या पाणंदीवर सायकल सहज धावते. पाऊस पडला की हीच माती टायरला थरांवर थर चिकटते, चाक व चिमटा यांच्यामध्ये अडकते आणि सायकल खांद्यावर घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून पावसाळा संपून जमीन वाळल्यावरचे दिवस सोयीचे. त्यातही अडचण अशी की हाच साखर कारखान्यांचा गळीत हंगाम असतो. ऊसतोड सुरू असलेल्या पाणंदीत भरलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या येत असतात, दोन्ही बाजूंनी ऊस उभा असल्याने वळणावर समोरचे काही दिसत नाही आणि बाजूला होण्यास जागाही नसते. ‘वाहतूकमुक्त’ हे विशेषण या वाटांना हंगामाबाहेरच पूर्णपणे लागू पडते. फेब्रुवारीनंतर तोडणी ओसरते, पण उन्हाचा ताप वाढत जातो. तेव्हा पहाटे निघून दहाच्या आत परतणे बरे.

टायर ३५ ते ५० मिलिमीटर रुंदीचे असावेत. बाभळीचा काटा त्यांनाही भेदतो. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरींचा वावर आहे, त्यामुळे सायकल धुण्यासाठी किंवा पाय बुडवण्यासाठी निर्जन काठावर उतरू नये.

महापूर

संगमावरील हा प्रदेश पुराचा आहे. कृष्णेचे पाणी चढले की वाडीच्या दत्तमंदिरात ते उत्तरेच्या दारातून शिरते आणि पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते. या दक्षिणद्वार सोहळ्यास स्नानासाठी भाविक येतात. मात्र २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी गावांत आणि घरांत शिरले व डाव्या काठावरील गावे बेटासारखी तुटली. पाणंदींवर पुराचे परिणाम दीर्घकाळ टिकतात. मुरूम वाहून जातो, सखल भागांत गाळाचा थर बसतो, काठ ढासळून वाटेचा तुकडाच नदीत जातो. मागील वर्षी वापरलेली वाट यंदा असेलच असे नाही.

वाटेचा हक्क

अरुंद होत जाणाऱ्या पाणंदी हा महाराष्ट्रभरचा जुना तंटा आहे. दोन्ही बाजूंचे खातेदार दरवर्षी एकेक सरी वाढवत गेले की गाडीवाटेची पायवाट होते, आणि मागच्या शेतकऱ्याचा ऊस शेतातच अडकतो. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ नुसार वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ नुसार शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट मागता येते. हा दुसरा हक्क शेतकऱ्याचा आहे, फिरायला आलेल्याचा नव्हे. नकाशावरील गाडीवाट सार्वजनिक असते, पण बांधावरची वाट मालकाच्या संमतीनेच वापरावी. राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली असून तिच्यात रोजगार हमीच्या निधीची सांगड घालून पाणंदी मजबूत केल्या जातात. काँक्रीट झालेली पाणंद शेतकऱ्याला बारमाही उपयोगी पडते. ती सायकलस्वाराला रुचली नाही तरी तक्रारीस जागा नाही.

जंगलातील वाटा

शिरोळ तालुका जवळजवळ संपूर्ण लागवडीखाली आहे. नदीकाठी उंबर, करंज, जांभूळ आणि बाभळी यांची रांग दिसते, तेवढीच सावली. जंगल पाहायचे तर मिरज तालुक्यातील दंडोबा डोंगर तुलनेने जवळ पडतो. सह्याद्रीतील राधानगरी अभयारण्य (स्थापना १९५८) कोल्हापूरच्याही पलीकडे पश्चिमेला आहे. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या अभयारण्यात प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी लागते. तेथील लाल जांभ्याची वाट आणि शिरोळची काळी पाणंद यांत एक फरक सायकलस्वाराला लगेच जाणवतो: जांभा पाऊस थांबताच निचरतो, काळी माती आठवडाभर ओल धरून राहते.