पहाडगंजची बरसाती

आपल्या मंडळाचे चिटणीस ऑफिसात माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतात, त्यामुळे यंदा लेख टाळता आला नाही. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रूळ आणि खडी यांत रमलेला माणूस. तरी आपल्यापैकी कित्येकांचा दिल्लीतला पहिला मुक्काम ज्या पहाडगंजात झाला, तिथल्या एका भाड्याच्या खोलीची हकीकत सांगतो.

2005 साली माझी बदली दिल्लीला झाली. क्वार्टरसाठी रांग मोठी होती. चुना मंडीत तिसऱ्या मजल्यावर बरसाती मिळाली. बरसाती म्हणजे गच्चीवरची खोली. गच्चीत झोपणाऱ्यांना पाऊस आला तर आडोसा, एवढाच तिचा मूळ उपयोग. दहा बाय बारा फूट, नळ बाहेर. मे महिन्यात भिंतीला हात लावता येत नसे, पण स्टेशन पायी पंधरा मिनिटांवर होते.

पहाडगंज ही मोगलकालीन शहराच्या तटाबाहेरची, अजमेरी दरवाजाजवळची पेठ. 1911 साली राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली आणि नवे शहर या पेठेच्या दक्षिणेला वसले. 1926 साली अजमेरी गेट आणि पहाडगंज यांच्यामध्ये एक लहानसे एकमजली स्टेशन मंजूर झाले. तेच आजचे नवी दिल्ली. स्टेशनही जवळ आणि सरकारी कचेऱ्याही जवळ, म्हणून नोकरीसाठी आलेला मराठी माणूस इथेच खोली शोधू लागला. नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन याच भागात आहेत, हा योगायोग नव्हे.

पुढे फाळणी झाली. 1941 साली दिल्लीची लोकसंख्या सुमारे सव्वानऊ लाख होती, ती 1951 साली साडेसतरा लाखांच्या आसपास गेली. आमचे घरमालक बाऊजी अशाच लाहोरहून आलेल्या कुटुंबातले.

घरे कमी आणि माणसे फार, म्हणून भाड्यावर सरकारी नियंत्रण आले. त्याची सुरुवात महायुद्धाच्या काळात, 1939 सालीच झाली होती. 1958 साली दिल्ली भाडे नियंत्रण कायदा झाला. 1988 च्या दुरुस्तीने साडेतीन हजारांवरची भाडी त्यातून वगळली. माझे भाडे तीन हजार सहाशे का, ते मला नंतर कळले! करार अकरा महिन्यांचा, कारण वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा 1908 च्या कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो. 1995 साली संसदेने नवा भाडेकायदा मंजूर केला, पण तो लागू झालाच नाही.

खालच्या मजल्यावर एक मराठी काकू एकट्या राहत. यजमान सरकारी नोकरीत होते, ते वारलेले. त्यांच्या दोन खोल्यांचे भाडे बेचाळीस रुपये. डिसेंबर 2005 च्या अखेरीस रामकृष्ण आश्रम मार्गाचे मेट्रो स्टेशन सुरू झाले आणि आसपासच्या जागांना भाव आला.

त्याच हिवाळ्यात काकू लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या. जाताना किल्ली माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "तुळशीला तेवढं पाणी घालत जा हो." त्यांना जाऊन अडीच महिने झाले असतील, तोच बाऊजी एक कागद घेऊन वर आले. खोली सहा महिने बंद आहे, असे मी लिहून द्यायचे होते. भाडेकरू किंवा त्याच्या घरचे कोणी सलग सहा महिने राहत नसेल, तर त्या कायद्याखाली जागा खाली करून मागता येते.

"बेटा, मेरा बाप लाहौर में तीन मंजिल का मकान छोड़कर आया था," ते म्हणाले. "बयालीस रुपये में तो चूना भी नहीं लगता."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. बेचाळीस रुपयांत जिन्याची डागडुजीही होत नाही, हे मी रोजच्या कामावरून जाणत होतो. पण तुळशीला पाणी घालणारा मीच. मी सही केली नाही.

बाऊजी भांडले नाहीत. अकरा महिने पुरे झाले तेव्हा करार पुढे चालू राहणार नाही, एवढेच म्हणाले. मी ट्रंक उचलून एका सहकाऱ्याच्या क्वार्टरमध्ये पथारी टाकली. काकू परत आल्या होत्या. त्यांना मी कारण सांगितले नाही. निघताना त्यांनी दह्याची वाटी हातावर ठेवली.

त्या कायद्याने एकाच जिन्यावर दोन भाडेकरू केले होते, एक बेचाळीस रुपयांत कायमचा आणि दुसरा तीन हजार सहाशेत अकरा महिन्यांचा. दोघांच्या मध्ये बाऊजी. चूक नेमकी कोणाची, हे मला अजून ठरवता आलेले नाही. नवीन बदली होऊन आलेल्या मंडळींना मात्र एक सांगतो. खोली घेताना करार नीट वाचाच, पण खालच्या मजल्यावर कोण राहते, तेही विचारून घ्या.

गणपती बाप्पा मोरया!