न उघडलेल्या बाटलीची किंमत : बोर्डोच्या वाइनबाजाराची कथा

१/ इ.स. १८५५. सम्राट तिसरा नेपोलियन पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरवत होता आणि बोर्डो शहराला तेथे आपली वाइन मांडायची होती. पण इतक्या मळ्यांपैकी श्रेष्ठ कोणते, हे ठरवायचे कोणी? या प्रश्नाला तेव्हा जे उत्तर मिळाले, त्यावर गुंतवणुकीचा एक मोठा बाजार आजही उभा आहे.

२/ बोर्डोच्या व्यापारी मंडळाने हे काम वाइनच्या दलालांकडे सोपवले. दलालांनी चवीची स्पर्धा भरवली नाही. त्यांनी बाजारभाव पाहिले. ज्या मळ्याच्या वाइनला वर्षानुवर्षे अधिक भाव मिळत आला, तो वर. ज्याला कमी, तो खाली. १८ एप्रिल १८५५ रोजी यादी तयार झाली. तांबड्या वाइनचे पाच वर्ग पडले. पहिल्या वर्गात चारच नावे होती : लाफीत, लातुर, मार्गो आणि ओ-ब्रियों.

३/ यादी भावावरून तयार झाली होती. पुढे भाव यादीवरून ठरू लागले. मळ्यांचे मालक बदलले, जमिनींच्या सीमा बदलल्या, यादी मात्र जवळजवळ तशीच राहिली. दुसऱ्या वर्गातील मूटों-रॉथशिल्डला पहिल्या वर्गात येण्यासाठी १९७३ साल उजाडावे लागले. त्या आदेशावर सही करणारे कृषिमंत्री होते झाक शिराक, पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झालेले.

४/ पण पिण्याची वस्तू गुंतवणुकीची कशी होते? धान्य साठवले तर किडते, सोने आहे तसेच राहते. बोर्डोची उत्तम तांबडी वाइन मात्र मुरते. थंड, अंधाऱ्या तळघरात, बूच ओले राहावे म्हणून आडवी ठेवलेली बाटली अनेक दशके टिकू शकते. शिवाय एखाद्या वर्षाचा हंगाम पुन्हा पिकवता येत नाही. कोणी एक बाटली प्यायला की जगात त्या सालची एक बाटली कमी होते आणि उरलेल्यांचे मोल वाढते.

५/ या मालाची विक्रीही न्यारी. द्राक्षे शरद ऋतूत खुडली जातात. पुढच्या वसंतात व्यापारी पिंपातील कच्च्या वाइनची चव घेतात, भाव फुटतो आणि पैसे चुकते होतात. बाटली हाती येते ती साधारण दोन वर्षांनी. हा सरळ वायद्याचा सौदा. मळेवाल्याला रोकड मिळते, जोखीम व्यापाऱ्याच्या माथी जाते. ‘बाजारात तुरी’ ही म्हण येथे रीतसर व्यवहार बनते.

६/ ही जोखीम १९७० च्या दशकात उघडी पडली. १९७० चा हंगाम उत्तम निघाला आणि भाव भडकले. १९७२ चा हंगाम सुमार होता, तरी तोही चढ्या दराने विकला गेला. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलसंकट आले, मागणी आटली आणि भाव कोसळले. व्यापाऱ्यांच्या कोठारांत महागात घेतलेला माल पडून राहिला. त्याच सुमारास स्वस्त वाइन बोर्डोच्या नावाने विकल्याचे प्रकरण न्यायालयात गेले. बाजाराबरोबर विश्वासही ढासळला.

७/ तो सावरण्यास एका परक्या माणसाची जीभ कारणीभूत ठरली. रॉबर्ट पार्कर हे अमेरिकेतील मेरिलँडचे वकील. १९७८ मध्ये त्यांनी वाइनविषयक पत्रिका सुरू केली. ते प्रत्येक वाइनला शंभरपैकी गुण देत. १९८२ च्या हंगामाविषयी काही समीक्षक साशंक असताना पार्कर यांनी त्याची मुक्तकंठाने स्तुती केली. तो हंगाम नावाजला गेला आणि दलालांच्या यादीशेजारी गुणांचा आकडा येऊन बसला. ज्याने कधी वाइन चाखली नाही, त्यालाही आता खरेदी करता येत होती.

८/ पुढचे वळण आशियात आले. फेब्रुवारी २००८ मध्ये हाँगकाँगने वाइनवरील कर पूर्णपणे रद्द केला आणि ते शहर लिलावांचे केंद्र बनले. चीनमध्ये लाफीत हे प्रतिष्ठेचे नाव झाले. २०१० मध्ये लाफीतने २००८ च्या बाटलीवर चीनमध्ये शुभ मानला जाणारा ‘आठ’ हा अंक चिनी लिपीत कोरत असल्याचे जाहीर करताच तिचा भाव उसळला.

९/ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हाँगकाँगच्या लिलावात लाफीतच्या १८६९ सालच्या तीन बाटल्या विकल्या गेल्या. प्रत्येकीला सुमारे २ लाख ३० हजार अमेरिकी डॉलर मिळाले. या बाटल्या थेट लाफीतच्या तळघरातून आल्या होत्या. खरेदीदाराने वाइनइतकीच किंमत या निष्कलंक प्रवासालाही मोजली. पण २०११ च्या मध्यानंतर बाजार उतरला आणि शिखरावर खरेदी करणाऱ्यांचे हात पोळले.

१०/ बाटलीच्या प्रवासाला इतके मोल का? ५ डिसेंबर १९८५ रोजी लंडनमध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात १७८७ सालच्या लाफीतची म्हणून एक बाटली १ लाख ५ हजार पौंडांना गेली. तिच्यावर ‘टीएच. जे.’ ही आद्याक्षरे कोरलेली होती. ती अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांची मानली गेली. जेफरसन १७८७ मध्ये खरोखरच बोर्डोला गेले होते. त्यामुळे कथा पटण्याजोगी होती.

११/ तशाच चार बाटल्या घेणारे अमेरिकी उद्योगपती बिल कोक यांनी वीस वर्षांनी तपास लावला. जेफरसन यांच्या काटेकोर नोंदींत या बाटल्यांचा पुरावा सापडला नाही. अक्षरे विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरल्याचा निष्कर्ष त्यांच्या तपासनीसांनी काढला. बाटल्या पुरवणारे जर्मन संग्राहक हार्डी रोडेनस्टॉक यांनी आरोप अखेरपर्यंत नाकारले.

१२/ दुसरे प्रकरण बरगंडी या फ्रान्समधील दुसऱ्या वाइनप्रांताचे. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पोंसो घराण्याच्या ‘क्लो सें-दनी’ वाइनच्या १९४५ पासूनच्या बाटल्या आल्या. लोरां पोंसो यांनी त्या मागे घ्यायला लावल्या, कारण त्यांच्या घराण्याने ती वाइन १९८० च्या दशकापूर्वी केलीच नव्हती! बाटल्या आणणारा रूडी कुर्नियावान २०१२ मध्ये पकडला गेला. त्याच्या घरात लेबले, बुचे, शिक्के असा बनावटीचा कारखानाच सापडला. २०१४ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली.

१३/ ही फसवणूक इतकी वर्षे खपली, याचे कारण या व्यवहाराच्या स्वरूपातच आहे. बाटली उघडली तर खरेखोटे कळण्याची शक्यता, पण गुंतवणूक त्या क्षणी संपते. न उघडली तर मालकाकडे असते फक्त कोणाची तरी ग्वाही : दलालाची, समीक्षकाची, नाही तर लिलावगृहाची.

१४/ २०१२ मध्ये शातो लातुरने वायद्याची विक्री थांबवत असल्याचे जाहीर केले. आता तेथील वाइन पिण्याजोगी होईपर्यंत मळ्याच्याच तळघरात राहते आणि नंतर बाजारात येते. व्यापाऱ्याच्या माथी गेलेली जोखीम मालकाने परत घेतली. तिच्यासोबत मुरण्याच्या काळातला नफा आणि आपल्या बाटलीविषयी ग्वाही देण्याचा अधिकारही.