रिकाम्या आसनाचा इतिहास



विद्यालयाच्या चालकांनी या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण केले, तेव्हा साहित्याचा अध्यापक साहित्यावरच बोलेल अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय निवडला तो मात्र रस्त्यावरचा. परक्या माणसांनी एका गाडीत बसावे, भाडे वाटून घ्यावे, ही जी सामायिक वाहनाची रीत आहे तिचा, आणि तिच्यासंबंधी झालेल्या संशोधनाचा, थोडासा धांडोळा घ्यावा असा मानस आहे. शब्दांशी माझी जुनी सोयरीक असल्यामुळे आरंभ शब्दापासून करतो.

इंदूरच्या मराठीत उतारूला 'सवारी' म्हणतात. हा हिंदीचा संस्कार आहे, हे उघडच आहे. मूळ फारसी 'सवार' एकच. पण देशावरच्या मराठीत त्याची 'स्वारी' झाली. ती मोहिमेवर निघाली, पालखीत बसली, आणि पुढे घरातल्या यजमानांनाही थट्टेने 'स्वारी' म्हणू लागले. आपल्या गावात दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदली. लालबाग राजवाड्यातून निघे ती श्रीमंत होळकरांची स्वारी, आणि नाक्यावर टांगेवाला पुकारी तो 'एक सवारी, एक सवारी' असा. स्वारीसाठी गाडी थांबते. सवारीला गाडीसाठी थांबावे लागते. आजच्या विषयाचे मर्म या भेदात आहे असे मला वाटते.

टांग्याचे अर्थशास्त्र साधे होते. घोड्याचा दाणागोटा एका सवारीत निघत नाही. म्हणून टांगा भरल्यावाचून हलत नसे. चौथा माणूस येईपर्यंत पहिल्या तिघांनी वेळ मोजायचा. शिवाय गाडी उलाळ होऊ नये म्हणून मागच्यापुढच्या बैठकींवर वजन नीट वाटावे लागे, आणि त्यासाठी अनोळखी माणसांना एकमेकांशी दोन शब्द बोलून सरकावे लागे. पडद्यातल्या बायका, बाजारातला भाजीवाला, कचेरीतला कारकून यांची गाठ अन्यथा कुठे पडली असती? पण मुद्दा सहवासाचा नाही, किमतीचा आहे. प्रत्येक सामायिक वाहनात केव्हा ना केव्हा एक आसन रिकामे असते. त्या रिकाम्या आसनाचे मोल कोणी द्यायचे? टांग्याच्या काळी ते सवारीने आपल्या वेळात दिले, आणि रात्री सवाऱ्या घटल्या की टांगेवाल्याने उपाशी राहून दिले.

टेंपोने घोडा काढून टाकला, हिशेब तोच ठेवला. आज ज्याला आपण सामान्यनाम समजतो तो 'टेंपो' शब्द हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाडीचे नाव होते. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेंपो कंपनी स्थापन केली आणि जर्मन सहकार्याने 'हॅन्सियाट' ही तीनचाकी या देशात होऊ लागली. गाडी मुळात मालवाहू. तिच्या पाठीवर समोरासमोर बाके टाकून इंदुरासारख्या शहरांनी तिला माणसे वाहायला लावले. तिचा भटभट आवाज आणि काळा धूर यांचे गुणगान कोणी करणार नाही. पण शहर फुगत असताना, सरकारी बस पुरेशी नसताना, गिरणीतला पाळीवाला आणि खाटल्यावरचा रुग्ण दोघांनाही तिनेच वाहिले. मागाहून व्हॅन आल्या, आणि आता बॅटरीवर चालणाऱ्या ई-रिक्षा आल्या आहेत. राजवाड्याभोवती त्यांची जी दाटी होते, तिच्यामागे टांग्याचाच नियम आहे: भरली की निघाली.

हे केवळ आपल्याकडचे मागासलेपण असे कोणी समजू नये. अमेरिकेत १९१४ च्या अखेरीस लॉस एंजेलिस येथे मोटारवाल्यांनी ट्रामच्या मार्गावरून पाच सेंटांत उतारू नेण्यास आरंभ केला. या गाड्यांना 'जिटनी' म्हणत. वर्षभरात हे लोण देशभर पसरले. त्या गजबजलेले मार्ग आणि गर्दीच्या वेळा उचलत. रिकामी आसने ट्रामच्या वाट्याला राहत. ट्राम कंपन्यांचे उत्पन्न बुडू लागताच नगरपालिकांनी परवाने, जामीन, ठराविक मार्ग अशी बंधने घातली आणि थोड्याच वर्षांत जिटनी बहुतेक ठिकाणी नामशेष झाली.

पुढे गणकयंत्राचा काळ आला. उतारूने दूरध्वनी करावा, यंत्राने जवळची गाडी आणि जुळणारे सहप्रवासी शोधावेत, या कल्पनेवर मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत १९६० च्या दशकाअखेरीपासून काम झाले. अ‍ॅन आर्बर येथे १९७१ मध्ये आणि न्यू जर्सीतील हॅडनफील्ड येथे १९७२ मध्ये त्याचे प्रयोग झाले. त्याच संस्थेतील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०१४ साली न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या सुमारे १५ कोटी फेऱ्यांची नोंद तपासली. उतारूंना थोडासाच विलंब सोसून फेऱ्या एकत्र केल्या, तर टॅक्सींचे एकूण अंतर ४० टक्के किंवा अधिक घटू शकते, असा निष्कर्ष निघाला. २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासाने सांगितले की चार आसनांच्या ३,००० गाड्या तिथल्या टॅक्सीच्या मागणीपैकी ९८ टक्के भागवू शकतील आणि सरासरी प्रतीक्षा तीन मिनिटांहूनही कमी राहील.

गणित निर्दोष आहे. मला शंका आहे ती गणितापूर्वीच्या पायरीची. या नोंदींत कोण आहे? ज्याने टॅक्सी केली तो. जो भाडे परवडेना म्हणून पायी गेला, जी बाई अंधार पडला म्हणून निघालीच नाही, ती माणसे या १५ कोटींत नाहीत. न झालेल्या प्रवासाची नोंद कोणत्याच यंत्रात होत नसते. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हे नवे नाही. जी पोथी टिकली तिच्यावरून आपण काळ ठरवतो आणि जळलेल्या पोथ्या विसरतो.

प्रत्यक्ष व्यवहारात रिकाम्या आसनाने आपले मोल पुन्हा मागितलेच. हेलसिंकी शहराने २०१२ साली 'कुत्सुप्लुस' नावाची मागणीनुसार धावणारी छोट्या बसची सेवा सुरू केली. लोकांना ती आवडली, पण अल्पसंख्य गाड्यांना करदात्यांचा पैसा फार लागतो म्हणून २०१५ अखेर ती बंद झाली. तिथे मोल नगराने दिले. भारतातील मोठ्या शहरांत २०१५ पासून ओला आणि उबर यांनी सामायिक फेऱ्या स्वस्तात दिल्या. तिथे बराचसा भार भांडवल लावणाऱ्यांनी उचलला. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे त्या फेऱ्या थांबल्या. त्याआधीच २०१७ मध्ये कर्नाटकाच्या परिवहन खात्याने त्यांना हरकत घेतली होती. कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दोन प्रकार आहेत: संपूर्ण गाडी ठरवून नेणारी कंत्राटी वाहतूक, आणि वाटेत थांबत प्रत्येकाकडून वेगळे भाडे घेणारी टप्पा वाहतूक. सामायिक टॅक्सी या दोहोंच्या मध्ये लोंबकळते. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर ती स्वारीही नाही आणि सवारीही नाही.

आपल्या इंदुरात २००५ साली महापालिका आणि विकास प्राधिकरण यांनी मिळून बस कंपनी स्थापन केली. जानेवारी २००६ पासून बस धावू लागल्या. गाड्या खासगी चालकांच्या, मार्ग आणि भाडे कंपनीने ठरवायचे, अशी योजना होती. १० मे २०१३ पासून आग्रा-मुंबई रस्त्यावर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा बससाठी राखीव मार्ग सुरू झाला. सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या त्या मार्गावर बस वेळेवर निघे, भरो अथवा न भरो. टांग्याच्या नियमाला या गावात एवढ्या ठळकपणे छेद क्वचितच मिळाला असेल. शेजारच्या रांगेत अडकलेल्या मोटारवाल्यांना तो डोळ्यांत खुपे. उच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२५ रोजी तो काढून टाकण्यास अनुमती दिली. रस्ता रुंद होईल, हे खरे. बसमधल्या माणसाच्या वाया जाणाऱ्या मिनिटांचा जमाखर्च मात्र मांडला जावा, एवढीच माझी तक्रार आहे.

इथे पॅट्रिक गेडिस यांचे स्मरण होते. होळकर दरबारासाठी त्यांनी केलेला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. आधी शहर पायी फिरून तपासावे, मग इलाज सुचवावा, असा त्यांचा दंडक. १९१७ च्या दिवाळीत त्यांनी काढलेल्या मिरवणुकीची हकिकत प्रसिद्ध आहे. ज्या गल्ल्यांतील घरे अधिक झाडलेली, सुधारलेली असतील तिथूनच मिरवणूक जाईल, असे त्यांनी जाहीर केले आणि गावभर साफसफाईची चढाओढ लागली. मार्ग आगाऊ न आखता लोकांच्या हालचालीने ठरू देणे, हे तंत्र म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची मागणीनुसार धावणारी गाडीच म्हणा ना! फरक असा की गेडिस स्वतः त्या गल्ल्यांतून चालले होते.

विद्यालयाच्या वरच्या वर्गांसाठी म्हणून एक सूचना करतो. लालबाग ते राजवाडा हे अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटर. चार विद्यार्थ्यांनी महू नाक्यावर सायंकाळी सहा ते नऊ, आठवडाभर वही घेऊन उभे राहावे. किती गाड्या गेल्या हे मोजू नये. ते यंत्र मोजते. किती माणसे थांबली, किती वेळ थांबली, आणि किती जण शेवटी पायी निघाले, एवढेच लिहावे. स्त्रिया, वृद्ध आणि सामानवाले यांचे रकाने निराळे ठेवावेत. पावसाळ्यात एक आठवडा आणि हिवाळ्यात एक आठवडा अशी दोनदा ही नोंद झाली तर अधिक बरे, कारण पावसात ई-रिक्षा कमी दिसतात की उतारू, हे मला अजून उमगलेले नाही.