बंगळूरचा सौदा, श्रीरंगपट्टणचे हप्ते

शहाजीराजांच्या जहागिरीतले बंगळूर 1687 साली विक्रीला निघाले. तंजावरात गादी थाटलेल्या त्यांच्या मुलाला, एकोजीला, इतक्या दूरचे ठाणे राखणे परवडेना. म्हैसूरचा इतिहासकार विल्क्स याने दिलेल्या हकिकतीप्रमाणे म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयराशी तीन लाख रुपयांत सौदा ठरला, पण तो पुरा होण्याआधीच मोगल सरदार कासिमखान शहरात घुसला. चिक्कदेवराजाने मग तेच तीन लाख मोगलांना मोजले आणि बंगळूर पदरात पाडून घेतले. एकोजीच्या हाती काही लागले नाही.

शतकभराने मराठी फौजा पुन्हा एकदा या मुलखात उतरल्या, त्या म्हैसूरच्या टिपूविरुद्ध इंग्रज आणि निजामाच्या भागीदार म्हणून. मार्च 1791 मध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला घेतला. मे महिन्यात मात्र अवजड तोफा फोडून, उपाशी फौजेसह त्याला टिपूच्या राजधानीच्या, श्रीरंगपट्टणच्या दारातून माघारी फिरावे लागले. वाटेत मेलकोट्याच्या बाजूला मराठी सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन भेटले. त्यांच्या छावणीच्या बाजारात धान्य, गुरे, विलायती बनात, काश्मिरी शाली असे सगळे होते. सराफही दुकाने मांडून बसले होते. भाव अर्थातच कडक! असा बाजार बाळगणाऱ्या हरिपंतांनी कॉर्नवॉलिसकडेच कर्ज मागितले. ईस्ट इंडिया कंपनीची चीनला निघालेली जहाजे मद्रासला होती. त्यांच्यावरचे रुपे उतरवून ही गरज भागवण्यात आली.

खरा हिशेब टिपूच्या पराभवानंतरच्या 1792 च्या तहात आहे. निम्मा मुलूख तर गेलाच. वर टिपूवर तीन कोटी तीस लाख रुपयांचे देणे बसले. एक कोटी पासष्ट लाख ताबडतोब, होन, मोहरा, पुऱ्या वजनाचे रुपये किंवा सोन्याचांदीच्या लगडी अशा रूपात. उरलेले तीन हप्त्यांत, प्रत्येक हप्त्याला जास्तीत जास्त चार महिने.

ही मुदत पाळणे वसुलातून शक्यच नव्हते. वाटणीसाठी टिपूच्या राज्याचे वार्षिक उत्पन्न धरले होते सुमारे दोन कोटी सदतीस लाख. निम्मे गेल्यावर राहिले एक कोटी अठरा लाखांच्या आसपास, आणि वर्षात फेडायचे त्याहून जास्त. फौज, कारखाने, किल्ल्यांची डागडुजी यांचा खर्च वेगळाच. म्हणजे खजिना रिकामा करणे आणि अंमलदार-रयतेकडून पट्टी उकळणे एवढेच मार्ग उरले. गेलेल्या मुलखापैकी पेशव्यांच्या वाट्याला साडेएकोणचाळीस लाख उत्पन्नाचा मुलूख आला, तुंगभद्रेपर्यंतचा.

बुडीत जाण्याचा धोका सावकारांनाही दिसत होता. म्हणून फेब्रुवारीतच तारण घेतले गेले: टिपूचे दोन मुलगे, दहा वर्षांचा अब्दुल खालिक आणि आठ वर्षांचा मुइझुद्दीन. कॉर्नवॉलिसने त्यांना सोन्याची घड्याळे भेट दिली. त्या भेटीची चित्रे विलायतेत पुढे कितीतरी वर्षे खपली. चित्रांत सगळा भर वडिलकीच्या मायेवर. हप्त्यांचा कागद त्यात कुठे दिसत नाही.

कराराने मुदत वर्षाची होती, पण मुले परतली मार्च 1794 मध्ये. कॅप्टन डोव्हटन त्यांना घेऊन देवनहळ्ळीला आला. टिपूचे हे जन्मगाव आजच्या बंगळूर विमानतळाजवळ आहे. पाच वर्षांनी श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि हेच दोघे भाऊ कुटुंबासह वेल्लोरच्या किल्ल्यात गेले. आता दर साल नेमणूक मोजून द्यायची होती कंपनीला.